दोन प्रोग्राम, एकच डाव

चाकणच्या असेंब्ली लाइनवरचा पीएलसी (यंत्रे नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) प्रोग्राम कुणी सुटसुटीत करून लिहिला, तर तो जुन्यासारखाच वागेल याची खात्री कशी द्यायची? चाचण्या कितीही घेतल्या तरी काही वाटा सुटतातच. ‘गेम सिमँटिक्स’ ही गणिती पद्धत प्रोग्रामकडे डाव म्हणून पाहते: भोवताल प्रश्न टाकतो, प्रोग्राम उत्तर देतो. पूर्ण होणारे सगळे डाव जुळले, की दोन्ही प्रोग्राम समान.

२००० साली डॅन गिका आणि गाय मॅकस्कर यांनी दाखवले, की ‘आयडियलाइज्ड अल्गोल’ भाषेच्या एका भागापुरते हे डाव मर्यादित अवस्थांच्या ऑटोमॅटन या अमूर्त यंत्रात बसवता येतात. मग तुलना संगणकच करतो. फरक असेल तर तो उघडा पाडणारा डावही दाखवतो. मात्र कोणत्याही दोन प्रोग्रामना लागू पडेल अशी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही.