कासुर्डी रोमन लिपीत लिहिताना

दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचं नाव घ्या. साध्या रोमन अक्षरांत लिहिलं, तर शेवटी 'डी' आहे की 'दी', सुरुवातीला 'का' आहे की 'क', हे कळत नाही. म्हणून अभ्यासक आणि ग्रंथालयं 'ए' आणि 'आय'वर आडवी रेघ आणि 'डी'खाली टिंब देतात.

आता बघा, संगणक अक्षर नव्हे, क्रमांक साठवतो. आस्कीत क्रमांक फक्त १२८, त्यात ही अक्षरं नाहीत. लॅटिन-१ मध्ये फ्रेंच, जर्मनची अक्षरं आली, पण आपली रेघ आणि टिंब नाहीच. ती युनिकोडमध्ये मिळाली.

खरी गोम पुढे आहे. टिंबाचा 'डी' दोन प्रकारे साठवता येतो: एक तर अखंड अक्षर, क्रमांक १ई०डी; नाहीतर साधा 'डी' आणि त्यामागे जोडटिंब, क्रमांक ०३२३. आपल्याला हे नवं नाही. देवनागरीतला 'र्डी'सुद्धा र, पायमोड, ड आणि वेलांटी असे चार क्रमांक जोडूनच बनतो.

पडद्यावर टिंबाचे दोन्ही 'डी' सारखेच दिसतात. पण यादीत एक रूप आणि तुम्ही टाइप केलं दुसरं, तर गाव यादीत असूनही 'सापडलं नाही' असं उत्तर येऊ शकतं.

टाइप कसं करायचं? विंडोजवर वर्डमध्ये १ई०डी हा क्रमांक रोमन अक्षर-अंकांत लिहा आणि लगेच आल्ट-एक्स दाबा. मॅकवर 'ए' दाबून धरलं की रेघेचा 'ए' निवडता येतो.

आणि यादी करणार असाल, तर सगळी नावं आधी एकाच रूपात आणा. याला नॉर्मलायझेशन म्हणतात. शोधायला आलेल्या शब्दालाही तेच करा, म्हणजे कासुर्डी हरवणार नाही.