परसबागेतील फळझाडांच्या जातींची निवड
गारगोटी परिसरातील सौम्य हिवाळ्याच्या दृष्टीने विचार

मृगाचा पाऊस सुरू झाला की गावोगावच्या बाजारात व वाड्यावस्त्यांवर फळझाडांची रोपे विकावयास येतात. रोपाच्या पिशवीस बहुधा तांबड्या-पिवळ्या फळाचे आकर्षक चित्र लाविलेले असते. ते चित्र पाहून रोप खरेदी केले जाते, घराजवळच्या मोकळ्या जागेत मोठ्या उत्साहाने लाविले जाते, आणि पाच-सात वर्षे घरची माणसे त्यास पाणी घालीत राहतात. झाड वाढते, पालवी येते, परंतु फळ काही दिसत नाही. भाताचे अगर उसाचे बी चुकले तर एका हंगामाचे नुकसान होते. ते पुढील हंगामी भरून काढता येते. फळझाडाची जात चुकली तर पाच-सात वर्षांचे श्रम, पाणी आणि मोक्याची जागा वाया जाते. ही चूक पुढे खत अगर औषध देऊन दुरुस्त होत नाही. म्हणून परसबागेतील सर्वांत महत्त्वाचे काम खड्डा खणण्यापूर्वीच करावे लागते. ते म्हणजे जातीची योग्य निवड होय.

गारगोटीचे हवामान

भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले गारगोटी वेदगंगेच्या काठी वसले आहे. नदीकाठची जमीन खोल व कसदार असून पश्चिमेकडे पाटगाव-कडगावच्या बाजूस डोंगरउताराची तांबडी व जांभ्याची जमीन लागते. पावसाचा जोर पश्चिमेस अत्यंत अधिक असून पूर्वेकडे तो झपाट्याने उतरत जातो. त्यामुळे एकाच तालुक्यातील दोन गावांची फळझाडांच्या दृष्टीने स्थिती सारखी नसते.

थंडीच्या बाबतीत मात्र सर्व भागाची स्थिती बरीचशी सारखी आहे. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीतील सरासरी किमान तापमान १४ ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एखाद्या रात्री ते याहून बरेच खाली उतरते, पण दहिवर गोठून झाडे करपण्याचा प्रसंग या भागात येत नाही. हा हिवाळा सौम्य होय. काही झाडांना तो वरदान आहे, तर काहींच्या बाबतीत तोच फळ न येण्याचे कारण ठरतो.

काही झाडांना थंडी का लागते?

सफरचंद, नासपती, पीच, आलुबुखार ही मूळची थंड प्रदेशातील झाडे होत. हिवाळ्यापूर्वी ती पाने गाळतात व त्यांचे डोळे सुप्तावस्थेत जातात. मध्येच एखादा उबदार आठवडा आला म्हणून ते फुटले, तर नंतरच्या हिमात कोवळी पालवी जळून जाईल. हे टाळण्यासाठी निसर्गाने अशी योजना केली आहे की, ठरावीक काळ पुरेशी थंडी मिळाल्याखेरीज डोळ्यांची झोप मोडत नाही. ही थंडी साधारणतः ७ अंश सेल्सिअसखालील तासांत मोजतात. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना असे ८०० ते १,००० अगर त्याहूनही अधिक तास लागतात. गारगोटीच्या हिवाळ्यात असे तास जवळजवळ मिळतच नाहीत. अशा ठिकाणी या झाडांचे डोळे उशिरा व तुरळक फुटतात, फांद्या उघड्याबोडक्या राहतात आणि फुले आली तरी ती एकाच वेळी येत नाहीत.

कमी थंडीवर येणाऱ्या सफरचंदाच्या जाती आहेत, हेही खरे. इस्रायलमधील ‘ॲना’, बहामा बेटांवरील ‘डॉर्सेट गोल्डन’ आणि हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली ‘एचआरएमएन-९९’ या त्यांपैकी प्रसिद्ध होत. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांच्या बागांत अशा झाडांना फळे आलेली आहेत. तथापि त्यांच्या मागची मेहनत ध्यानात घ्यावी. इंडोनेशियातील पूर्व जावा प्रांतात, मलंगजवळच्या डोंगराळ भागात, सफरचंदाची लागवड होते, पण तेथे थंडीची उणीव भरून काढण्यासाठी फळे काढल्यावर झाडाची पाने हातांनी ओरबाडून नवी फूट आणावी लागते. शिवाय ‘ॲना’स चांगली फळे धरण्यासाठी ‘डॉर्सेट गोल्डन’सारखे परागदाते झाड जवळ असावे लागते. सबब हौस म्हणून एक जोडी कोपऱ्यात लावण्यास हरकत नाही. घरच्या फळांचा भरवसा मात्र तिच्यावर ठेवू नये.

आंब्यास हाच हिवाळा उपकारक

आंब्याची गोष्ट निराळी आहे. त्यास गोठविणारी थंडी नको असते, पण मोहोर येण्यासाठी थोडा गारवा हवा असतो. पावसाळ्यानंतर आलेली पालवी जून व्हावी, जमीन कोरडी पडत जावी आणि रात्रीचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरावे, म्हणजे मोहोर चांगला निघतो. गारगोटीचा सौम्य व कोरडा हिवाळा या गरजेस अनुरूप आहे.

येथे धोका आहे तो पावसाचा. फळ धरल्यापासून तयार होण्यास साधारणतः चार महिने लागतात, आणि मोहोर उशिरा आला तर फळ वळवाच्या अगर मृगाच्या पावसात सापडते. पावसात सापडलेल्या फळास फळमाशी व करपा यांचा उपद्रव अधिक होतो. म्हणून ‘नीलम’सारखी उशिरा पिकणारी जात या भागात टाळावी आणि मे महिन्यात तयार होणाऱ्या जाती घ्याव्यात.

हापूसची चव अजोड असली तरी त्याचे झाड बहुधा एक वर्षाआड भरते आणि फळात साका होतो. एक-दोनच झाडांना जागा असलेल्या कुटुंबास एक वर्षाआड येणारे पीक परवडत नाही. या उणिवा दूर करण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ साली प्रसारित केली. ती दरवर्षी फळते व तिच्या फळात साका आढळत नाही. तिच्या जोडीस ‘केशर’ लावावा. रसासाठी पायरी उत्तम होय. हापूसच लावावयाचा असल्यास जवळ दुसऱ्या जातीचे झाड अवश्य असावे, कारण परक्या परागामुळे त्याची फळधारणा सुधारते. पराग वाहून नेण्याचे काम माश्या व इतर कीटक करतात. याच तालुक्यातील पाटगाव ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. फुलोऱ्याच्या काळात औषधाची फवारणी करण्यापूर्वी मधमाश्यांच्या या कामाचे स्मरण ठेवावे.

इतर भरवशाची झाडे

*पेरू :* ‘सरदार’ अथवा ‘लखनौ-४९’ ही जात घ्यावी. नाव लखनौचे असले तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंड येथील केंद्रावर डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ च्या सुमारास अलाहाबाद सफेदाच्या बियांपासून झालेल्या रोपांतून केली. पेरूला उन्हाळ्याच्या सुरुवातीस फुले येऊ दिल्यास फळे भर पावसात पिकतात. ती पाणचट होतात व त्यांत अळ्या पडतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी तोडून मृग बहार धरावा. ती फळे हिवाळ्यात तयार होतात व गोडीस सरस असतात.

*चिकू :* ‘कालीपत्ती’ ही महाराष्ट्रातील सर्वपरिचित व खात्रीची जात आहे. खिरणीच्या खुंटावर बांधलेले कलम घ्यावे. असे झाड दीर्घायुषी होते.

*कोकम :* पश्चिमेकडील गावांसाठी हे अत्यंत उपयुक्त झाड आहे. कोकमात नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात, आणि रोप कोणते हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, कळत नाही. यासाठी मादी झाडाच्या फांदीपासून केलेले मृदुकाष्ठ कलमच लावावे. दापोली विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात या दृष्टीने योग्य असून तिची बहुतेक फळे पावसापूर्वी हाती येतात. पावसात पिकलेले कोकम वाळविता येत नाही, हे आमसुले करणाऱ्या गृहिणींना सांगावयास नको.

*लिंबू :* पावसाळी हवेत लिंबावर खैऱ्या रोग पडतो. तो तुलनेने कमी पडणारी ‘साई सरबती’ ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची जात निवडावी. कागदी लिंबाचे बियांपासून केलेले रोप बहुधा मातृवृक्षासारखेच निपजते, म्हणून येथे कलमाचा आग्रह नाही.

*फणस व जांभूळ :* ही मोठी झाडे बांधावर अगर कुंपणाच्या कडेस लावावीत. गरे खाण्यासाठी कापा व फणसपोळीसाठी बरका फणस असावा. जांभळात ‘कोकण बहाडोली’ ही टपोऱ्या फळांची जात आहे.

डाळिंबाच्या झाडास पावसाळी दमट हवेत तेल्या रोगाचे व अंजिरास तांबेऱ्याचे भय असते. सोलापूरकडील डाळिंब अगर पुरंदरचे अंजीर पाहून तीच झाडे पाटगावकडे लाविल्यास निराशा पदरी येण्याचा संभव अधिक आहे.

पाच गुंठ्यांची आखणी

पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर जागा होय. आंबा व चिकू यांस १० मीटर, तर पेरू, लिंबू व कोकम यांस ६ मीटर अंतर धरल्यास पुढील झाडे त्या जागेत बसतात :

आंबा २ (एक रत्ना, एक केशर) – २०० चौ. मी.
चिकू १ – १०० चौ. मी.
पेरू २ – ७२ चौ. मी.
कोकम २ – ७२ चौ. मी.
लिंबू १ – ३६ चौ. मी.
एकूण झाडे ८ – ४८० चौ. मी.

उरलेली जागा पायवाटेस व कढीलिंबास पुरते. मोठी झाडे वाढेपर्यंत मधल्या जागेत केळी व पपई घ्यावी. या आखणीत हिवाळ्यात पेरू, उन्हाळ्यात आंबा व कोकम आणि एरव्ही चिकू व लिंबू असे काही ना काही घरात येत राहते. आठ झाडे थोडी वाटतात, म्हणून त्याच जागेत वीस लावण्याचा मोह होतो. तसे केल्यास काही वर्षांत फांद्या एकमेकींत शिरतात, ऊन आत पोहोचत नाही आणि वीसही झाडे कमी फळतात.

खरेदीच्या वेळी घ्यावयाची दक्षता

बियांपासून झालेले आंब्याचे, पेरूचे अगर चिकूचे रोप मातृवृक्षाचेच गुण घेऊन येईल असे नाही. सरदार पेरू अशाच रोपांतून निघाला हे खरे, परंतु अनेक रोपांतून एक निवडण्याचे काम संशोधन केंद्राचे आहे. ज्याच्याकडे एकाच झाडाची जागा आहे, त्याने खात्रीचे कलमच घ्यावे. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्यान्वये फळझाडांच्या रोपवाटिकेस परवाना लागतो. परवानाधारक अगर कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच कलमे घ्यावीत आणि पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे. कलमाचा जोड एकजीव झालेला आहे काय, हे पाहावे. फार उंच कलमापेक्षा मध्यम वाढीचे सतेज कलम बरे.

उन्हाळ्यात खड्डे खणून तापू द्यावेत व नंतर माती आणि कुजलेल्या शेणखताने भरावेत. अतिवृष्टीच्या गावी कलमाभोवती माती उंच करून पाणी निघून जाईल अशी व्यवस्था करावी. तेथे मुसळधार पावसाचा जोर ओसरल्यावर लावणी करणे अधिक सुरक्षित होय. जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून आलेली फूट वेळच्या वेळी काढावी. ती खुंटाची फूट असते, आणि दुर्लक्ष झाल्यास वरचे कलम मरून खाली रानटी झाड उरते. आंब्याचा पहिल्या तीन वर्षांतील मोहोर खुडून टाकावा.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी शक्य असेल तेथे शाळेच्या अगर ग्रामपंचायतीच्या आवारात सावलीत किमान तापमापक टांगून हिवाळाभर रोजची नोंद फळ्यावर लिहावी. आपल्या गावची थंडी किती आहे हे गावकऱ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसले, म्हणजे पिशवीवरील चित्राची भुरळ आपोआप कमी होईल. त्याचबरोबर गावातील जुनी, दरवर्षी फळणारी झाडे हेरून ठेवावीत. कोणते झाड केव्हा मोहरते व त्याची फळे पावसापूर्वी उतरतात की नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना नेमके ठाऊक असते.

रोप हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आपल्या हिवाळ्यात या झाडास फुले येतील काय? त्याचे फळ पावसापूर्वी अगर पावसानंतर हाती येईल काय? रोपाचे कूळ खात्रीचे आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले तरच खड्डा खणावा. मग पाच-सात वर्षांची प्रतीक्षा फुकट जाणार नाही, आणि आज अंगणात खेळणारी मुले त्याच अंगणातील फळे आपल्या मुलांच्या हाती देतील.