तुरटी किती टाकायची?

पावसाळ्यात आमच्या घरी पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवला जाई. किती वेढे, हे आजी पाणी बघून ठरवी. पुढे जलशुद्धीकरण हाच माझा व्यवसाय झाला, आणि नोकरीतली माझी सर्वांत महागडी चूक मी आजीसारखेच वागतो आहे असे समजून केली. पाणी बघितले आणि तुरटी ठरवली.

ती चूक समजायची तर आधी तुरटीचे काम समजायला हवे. गढूळ पाण्यातले मातीचे अतिसूक्ष्म कण आपोआप तळाशी बसत नाहीत. प्रत्येकावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा धनभार तो शमवतो. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजके खाली बसतात आणि उरलेसुरले वाळूच्या थरात अडकतात. मात्रा चुकली, तर कण सुटेच राहतात आणि वाळूतून पार होतात.

हे किती महागात पडू शकते, ते अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने १९९३ साली पाहिले. मिशिगन सरोवराचे पाणी शुद्ध करणाऱ्या तिथल्या दक्षिणेकडच्या केंद्रात काही महिन्यांपूर्वीच तुरटीऐवजी पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड वापरात आले होते. मार्चच्या अखेरीस गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा वाढला. २८ आणि ३० मार्चला तो १.७ एनटीयूवर गेला. कणांवरचा विद्युतभार दाखवून मात्रा ठरवायला मदत करणारे यंत्र केंद्रात होते, पण चुकीचे बसवल्यामुळे ते वापरातच नव्हते. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नळांतून घरोघरी पोहोचला. सुमारे ४ लाख लोक आजारी पडले, असा अंदाज नंतर मांडला गेला.

पुढच्या काळात जलअभियंत्यांचा ओढा मेम्ब्रेनकडे, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांकडे वाढला. शेवयांसारख्या पोकळ तंतूंच्या भिंतींतून पाणी गाळायचे. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पडद्याची छिद्रे साधारण ०.०२ मायक्रॉनची, आणि तो परजीवी ४ ते ६ मायक्रॉनचा. पडदा शाबूत असेल, तर तो पार होऊच शकत नाही. मग तुरटी हवीच कशाला? हा प्रश्न मलाही पडला होता.

मी काम करत होतो त्या केंद्रात धरणाचे पाणी अशाच पडद्यांतून गाळले जाई. एका वर्षी पितृपक्षाच्या सुमारास पाऊस ओसरला, पाणी निवळले, आणि मी तुरटी निम्म्यावर आणली. गाळलेले पाणी पूर्वीइतकेच स्वच्छ राहिले. खर्च वाचला म्हणून मी खूशही झालो. पण तेवढेच पाणी पडद्यातून ढकलायला लागणारा दाब रोज थोडा वाढत होता. उलट्या दिशेने पाणी सोडून पडदे धुतले की तो उतरे, पण दर वेळी आधीपेक्षा थोडा वरच थांबे. दसऱ्यानंतर रासायनिक धुलाई करूनही तो पूर्वपदावर येईना. ऐन दिवाळीत गावाला एक दिवसाआड पाणी द्यावे लागले. अभ्यंगस्नानाच्या पहाटे निम्म्या गावाचे नळ कोरडे होते.

गढूळपणाचे यंत्र प्रकाश विखुरणारे कण मोजते. पडदा तुंबवणारी द्रव्ये मात्र बरीचशी विरघळलेली असतात: कुजलेल्या पानांतून उतरलेली ह्युमिक द्रव्ये, शेवाळाने सोडलेली चिकट प्रथिने आणि शर्करा. ती असूनही पाणी नितळ दिसू शकते. ती छिद्रांत शिरून आतून चिकटली, की साध्या धुण्याने निघत नाहीत. योग्य मात्रेत तुरटी असेल, तर त्यांतली बरीचशी पुंजक्यांत बांधली जातात. पुंजका छिद्रापेक्षा कितीतरी मोठा असल्याने तो पडद्यावर सैल थर होऊन राहतो आणि उलट्या धुलाईत वाहून जातो.

मग भरपूर तुरटी टाकावी का? तेही नाही. जादा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा थर पडद्यावर साचतो. शिवाय १ मिलिग्रॅम तुरटी पाण्यातली सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. सामू फार उतरला, की ॲल्युमिनियम विरघळून पडद्यापार जाते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. दुसरा स्रोतच नसेल, तर ०.२ पर्यंत चालते.

त्या दिवाळीनंतर आम्ही पद्धत बदलली. गढूळपणाबरोबरच, येणारे पाणी २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश किती शोषते, हेही मोजू लागलो. ह्युमिक द्रव्ये हा प्रकाश शोषतात, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी घाण आकड्यांत दिसते. त्यावरून मात्रेचा पहिला अंदाज करायचा. मग जार टेस्ट: काचेच्या सहा भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून ढवळायचे, ते पाणी बारीक गाळणकागदातून गाळायचे आणि पुन्हा मोजायचे. शर्करा मात्र या प्रकाशातही फारशा दिसत नाहीत. म्हणून शेवटचा निकाल पडद्याचा: दोन धुलायांच्या मध्ये दाब किती वेगाने चढला, आणि धुतल्यावर किती उतरला. दाब चढला म्हणून तुरटी लगेच वाढवायची नाही. आधी सामू बघायचा.

मिलवॉकीत जे अडायला हवे होते ते लोकांच्या पोटात गेले. आमच्याकडे पडद्याने ते अडवले, त्यामुळे कोणी आजारी पडले नाही. माझी चूक मात्र पडद्यात साठत गेली आणि कोरड्या नळांच्या रूपाने शेवटी गावापर्यंत पोहोचलीच.

आता आठवते, आजी खडा फिरवून मोकळी होत नसे. झाकण ठेवी, सकाळी वरचे पाणी अलगद ओतून घेई, तळाचा गाळ निरखी आणि मगच त्या दिवसाचे वेढे ठरवी. मी तिचे निम्मेच उचलले होते.