टिळकांची चोवीस वर्षे

धर्मसेवेला निघालेल्या माणसाला शिकवण्यासारखे पुष्कळ असते. पवित्र शास्त्र, मंडळीचा इतिहास, उपदेशाची बांधणी, जमल्यास ग्रीक आणि हिब्रू. या सगळ्याचे वर्ग भरतात, परीक्षा होतात. लीनता आणि समर्पण हे विषय मात्र कोणत्याही सेमिनरीला वेळापत्रकात बसवता आलेले नाहीत. ते कसे शिकले जातात आणि शिकायला किती काळ लागतो, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोकळा दाखला नारायण वामन टिळकांचा आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. 9 मे 1919 रोजी मुंबईतच ते गेले. मधली चोवीस वर्षे मी धर्मसेवेची तालीम म्हणून वाचतो.

तालमीला आले तेव्हा टिळक कोरी पाटी नव्हते. 1861 मध्ये कोकणात करजगावला जन्म, नाशिकला संस्कृतचे शिक्षण, कवी म्हणून नाव, वक्तृत्व असे की सभा हलत नसे. स्वभाव तापट, पाय एका गावी न टिकणारा. 1893 मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. त्यांना धरून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. दीनांना आणि सौम्यांना धन्य म्हणणारे ते शब्द एका मानी, विद्वान ब्राह्मणाच्या मनाला जाऊन भिडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जे आपल्यापाशी मुळीच नाही, नेमके तेच त्यांना हवेसे वाटले.

बाप्तिस्मा घेताना त्यांनी तो भारतीय पाळकाच्या हातून घेतला. रेव्हरंड तुकाराम नथोजींनी तो दिला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेमिनरीत ते शिकवू लागले. नगरच्या मंडळीत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आलेले होते. कालपर्यंत ज्यांची सावली टाळायची, त्यांच्या पंक्तीला बसायचे, त्यांच्याबरोबर एकाच भाकरीचा तुकडा प्रभुभोजनात घ्यायचा. वर्गात ज्ञान देणे टिळकांना सहज जमणारे होते. ही पंगत हा त्यांचा खरा पहिला धडा.

घरात हाच धडा लक्ष्मीबाई गिरवत होत्या, आणि त्यांची वाट अधिक खडतर होती. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा सुमारे पाच वर्षे त्या दूर राहिल्या. मुलाला घेऊन परत आल्या त्या सोवळे सांभाळूनच. वेगळी चूल, वेगळे पाणी, कुणाचा स्पर्श नको. टिळकांनी सक्ती केली नाही. ज्यांच्या शब्दाने श्रोते बदलत, त्यांनी बायकोपुढे गप्प राहून वाट पाहिली. तापट माणसाने अशी वाट पाहणे हे माझ्या लेखी त्यांच्या कितीतरी व्याख्यानांहून मोठे काम आहे. मग एके दिवशी, टिळक जवळ नसताना, लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला. जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली, असे मनाशी ठरले आणि कुणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. आधी अंतःकरण वाकले, विधी मागून आला.

नेमका तोच काळ संवत 1956 च्या, म्हणजे छपन्नच्या दुष्काळाचा. मिशनच्या आवारात पोरकी मुले येऊन पडत होती, पाठोपाठ प्लेग होता. ज्या बाईने पाण्याचा हंडा कुणाला शिवू दिला नव्हता, तिने पुढे प्लेगच्या छावणीत आजारी मुलींची शुश्रूषा केली. हे सगळे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी जितक्या साधेपणाने सांगितले आहे, तितक्या साधेपणाने आपल्या त्यागाबद्दल लिहिलेले मराठीत फार थोडे सापडेल.

टिळकांना 1904 मध्ये पाळकाची दीक्षा मिळाली, 1912 पासून मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. बाहेरून पाहता सगळे स्थिरावले होते. आत मात्र एक प्रश्न कुरतडत होता. मिशनची घडी अशी की वर परदेशी मिशनरी, बंगला आणि निर्णय त्यांचे; खाली पगारी देशी कामगार. माणसे प्रेमळ होती, कष्टाळू होती, तरी ही उतरंड होती. याच सुमारास, 1910 च्या एडिंबरा येथील मिशनरी परिषदेत, भारतीय पाळक व्ही. एस. अझरिया यांनी पाश्चात्त्य मंडळींना तोंडावर सांगितले की आम्हाला मित्र हवे आहेत. टिळकांचेही दुखणे तेच होते. सेवेला आलेला माणूस साहेब होऊन राहिला, तर त्याच्या तोंडच्या ख्रिस्ताला लोक साहेबांचाच देव समजणार. आणि साहेबाच्या पगारावर राहून आपण लीनतेचा उपदेश करायचा, तर तो कुणी का ऐकावा?

1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न, पदरी संसार, पुढच्या महिन्याची सोय देवावर. सातारला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात बंधू. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, आणि आता राहणीही त्या वाटेला शोभेल अशी, संन्याशाची झाली. पगार सोडण्यात त्यांनी मोठे धाडस केले असे लोक म्हणतात. मला वाटते, त्याहून अवघड होते ते बावीस वर्षांत कमावलेले वजन सोडणे. त्या वजनाच्या आधारानेच तर आजवर त्यांचे म्हणणे ऐकले जात होते.

दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य थोडे अध्याय लिहून अपुरे राहिले. पाहू जाता हाती काही लागले नाही, संस्था उभी राहिली नाही. पण ज्यांनी पाहिले त्यांच्यापैकी एक होते नगरला काम करणारे इंग्रज पाद्री जॅक विन्स्लो. त्यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला; त्यात इंग्रज आणि भारतीय एकत्र राहत, खादी नेसत, जमिनीवर बसून जेवत. 1923 मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले तेही विन्स्लो यांनीच. शिकवायला आलेला साहेब इथल्या माणसाकडून शिकला, हे दरबाराचे फळ मी लहान मानत नाही.

‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांनी हाती धरून ज्यांना वाचायला लावले, त्या बाईने उरलेले साठाहून अधिक अध्याय लिहिले.

आज आपल्या मंडळ्यांतून मुले-मुली सेमिनरीत जातात, कुणी आदिवासी भागात, कुणी परराज्यात सेवेला निघतात. त्यांना निरोप देताना आपण हार घालतो, प्रार्थना करतो, पवित्र शास्त्राची नवी प्रत देतो. त्या प्रतीबरोबर ‘स्मृतिचित्रे’ही द्यावे, आणि देणाऱ्यांनी ते आधी स्वतः वाचलेले असावे, एवढी माझी विनंती आहे.