रडार ओळखणारे यंत्र नको, सावध चालक हवा



खारघरच्या उत्सव चौकातून बाहेर पडले की सायन-पनवेल महामार्ग लागतो. पुढे कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग सुरू होतो. या रस्त्यांवर गाडी चालवून संसार करणारी आपल्या समाजाची कितीतरी मुले आहेत. कोणी कंपनीच्या गाडीवर आहे, तर कोणी कर्ज काढून स्वतःची टुरिस्ट गाडी घेतली आहे. अशाच एका मुलाची ही हकिकत आहे. हकिकत एका घरातील असली तरी प्रश्न अनेक घरांचा आहे, म्हणून तो या पानावर मांडत आहे.

हा मुलगा आमच्या शेजारच्या इमारतीत राहतो. घरी बायको, दोन लहान मुले आणि आई. गाडीच्या कर्जाला आईच जामीन आहे. वस्तीतील लोकांचे अर्जफाटे मी लिहून देतो, म्हणून एका रविवारी तो माझ्याकडे आला. एका महिन्यात वेगमर्यादा मोडल्याची तीन चलने त्याला आली होती. ती दाखवून झाल्यावर त्याने खिशातून एक काळी डबी काढली.

"काका, हे रडार ओळखणारं यंत्र आहे. पुढे पोलिसांची स्पीडगन असली की आधीच ओरडतं. मित्राने परदेशातून आणलंय. आज फ्यूजबॉक्समधून कायमचं जोडून घेतो. वायरमन तुमच्या ओळखीचा आहे, तुम्ही जरा सोबत चला."

मी म्हणालो, "येतो. पण आधी हे यंत्र काय करतं ते समजून घेऊ."

यंत्र काय करते?

रेल्वेची शिटी जवळ येताना बारीक, चढ्या आवाजात ऐकू येते आणि गाडी निघून गेली की तोच आवाज उतरतो. हा नियम डॉप्लर नावाच्या शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडला. रडारची स्पीडगन याच नियमावर चालते. ती अदृश्य लहरी सोडते, त्या गाडीवर आपटून परत येतात आणि त्यांच्यात पडलेल्या फरकावरून वेग कळतो. काळी डबी म्हणजे त्या लहरी ऐकणारा एक रेडिओच होय.

परंतु आता रस्त्यावर केवळ रडार राहिलेले नाही. महामार्ग पोलिसांकडे लेझर गन आहे. तिचा झोत अगदी अरुंद असतो. तो नेमका आपल्या गाडीवर पडतो तेव्हाच डबीला कळते आणि तोवर वेग मोजून झालेला असतो. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली आहे. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. दोन ठिकाणी नंबर वाचला की मधले अंतर आणि लागलेला वेळ यांचा भागाकार करून सरासरी वेग काढता येतो. या हिशेबात रडारचा संबंधच येत नाही, मग डबी ऐकणार काय?

उलट मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि काही नव्या गाड्यांतील सेन्सर त्याच जातीच्या लहरी सोडतात. तेथे डबी उगाच ओरडते. ज्या चौकीदाराला चोर दिसत नाही आणि पाहुणा आला की तो आरडाओरडा करतो, त्याला कोण पगार देईल? फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात गाडी चालवताना असे यंत्र वापरण्यास बंदी आहे. त्याचा हेतू काय असतो, हे त्या देशांनी ओळखले आहे.

तार जोडणे हा खेळ नव्हे

आम्ही वायरमनकडे गेलो. त्याने बॉनेट उघडले आणि एक प्रश्न विचारला, "गाडी सीएनजीवर आहे ना?" मग त्याने दुकानातील एक जळकी तार दाखवली. कोणीतरी घरीच मागच्या लाईटच्या वायरीला टोचून, चिकटपट्टी गुंडाळून काढलेली ती जोडणी होती.

तो म्हणाला, "साहेब, बॅटरी बारा व्होल्टची, म्हणून माणसाला झटका बसत नाही आणि तो बेफिकीर होतो. पण तार पत्र्याला टेकली की हीच बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. मध्ये फ्यूज नसेल तर बारीक तार लाल होते. आतून सीट जळते, फोम जळतो. त्यात गाडी गॅसची."

बरोबर जोडणी कशी असते, हेही त्याने सांगितले. ते प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावे. वीज फ्यूजबॉक्समधूनच घ्यावी, पण तार कापून नव्हे. त्यासाठी फ्यूजच्या जागी बसणारा जोड मिळतो आणि त्यात नव्या वस्तूसाठी दोन-तीन अँपिअरचा वेगळा फ्यूज बसतो. चावी फिरवल्यावरच जी लाईन चालू होते ती निवडावी, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी सकाळपर्यंत उतरते. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिन यांच्या फ्यूजला हात लावू नये. अर्थिंग रंग नसलेल्या लोखंडी बोल्टला घट्ट द्यावे. काचेशेजारच्या खांबात पडदा-एअरबॅग असेल तर तार तिच्या मागून न्यावी. पुढून नेली तर अपघाताच्या वेळी एअरबॅग अडेल. पावसाळ्यात ओल धरते, उभ्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात, म्हणून तार नळीत घालून बांधावी. वाटेल तशी जोडणी आढळली तर विमा कंपनी दाव्यावर बोट ठेवू शकते, हेही विसरू नये.

वाचतात किती मिनिटे?

मी बी.कॉम. झालेला कारकून. मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. वायरमनच्या बाकावर बसून मी त्या मुलाला हिशेब करून दाखवला.

द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. सपाट भागात कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. घाट आणि टोलनाका क्षणभर बाजूला ठेवला तरी १००ने हे अंतर ५७ मिनिटांत कापले जाते आणि १२०ने ४७ मिनिटांत. म्हणजे वाचली अवघी साडेनऊ मिनिटे. घाटात मर्यादा आणखी कमी असते आणि वाहतूकही तुंबते, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढीही वाचत नाहीत.

त्या मिनिटांची किंमत काय? ताशी १००च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. समोरचे पाहून ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद धरा आणि रस्ता कोरडा धरा. गाडी थांबेपर्यंत साधारण ८० ते ८५ मीटर लागतात. वेग १२० असेल तर तेच अंतर ११० मीटरच्या पुढे जाते. वेग वीस टक्क्यांनी वाढला, पण धडकेतील जोर चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो. ही वजाबाकी-बेरीज यंत्राने बदलत नाही.

आणि दंड? २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला अतिवेगाबद्दल १००० ते २००० रुपये दंड आहे. गुन्हा पुन्हा केला तर लायसन्सवरही गदा येते. चालकाचे लायसन्स म्हणजे त्याची भाकरी.

चाळीसगावची आठवण

एवढे झाल्यावर मी त्याला चाळीसगावची गोष्ट विचारली. त्याला ती ठाऊक नव्हती. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी परमपूज्य बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने द्यायला एक जण तयार झाला, पण हाकायला नाही. मग समाजातीलच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली पाण्यात पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. पुढे त्यांनी स्वतःच ही हकिकत लिहून ठेवली.

या प्रसंगातून जातीची क्रूरता दिसते, तशीच आणखी एक गोष्ट दिसते. आपला मान राखावा म्हणून धडपडणाऱ्या बांधवांच्या हातून नकळत बाबासाहेबांचा जीव धोक्यात आला. प्रवाशाचा जीव सांभाळायला नुसता उत्साह पुरत नाही, कसब लागते. ज्यांना कोणी टांग्यात बसू देत नव्हते, त्यांच्या नातवंडांच्या हाती आज स्टिअरिंग आहे आणि मागच्या सीटवर सर्व जातिधर्मांचे प्रवासी विश्वासाने झोपी जातात. हा विश्वास काळ्या डबीच्या भरवशावर पणाला लावायचा काय?

तथागतांनी अप्रमादाला, म्हणजे सदैव जागे राहण्याला, मोठे स्थान दिले. धम्मपदात त्यावर स्वतंत्र वर्ग आहे. सम्यक आजीविका म्हणजे केवळ दारू-मांस न विकणे नव्हे. आपल्या धंद्यामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात येऊ न देणे हीसुद्धा सम्यक आजीविकाच आहे. पकडले जाऊ नये म्हणून नियम पाळणे आणि कोणाला इजा होऊ नये म्हणून नियम पाळणे, यांत पंचशीलाचेच अंतर आहे.

मग करायचे काय?

तीनही चलने मी नीट पाहिली. दोन खरी होती. तिसऱ्यातील छायाचित्रात गाडीचा रंग वेगळा होता, नंबरातील एक आकडा चुकीचा वाचला गेला होता. त्यावर आम्ही पोलिसांच्या ई-चलन व्यवस्थेत छायाचित्रासह तक्रार केली. चुकीच्या दंडाविरुद्ध लढण्याचा हा मार्ग कायद्याने दिलेला आहे. तो वापरावा, गप्प बसू नये. प्रत्येक चलनातील तारीख, ठिकाण आणि फोटो तपासावा. दंड खरा असेल तर भरून मोकळे व्हावे.

वायरमनने त्याच फ्यूजबॉक्समधून तार काढली, पण ती पुढच्या काचेवरील छोट्या कॅमेऱ्यासाठी. अपघातात चूक कोणाची, याचा पुरावा गरिबाच्या हाती असणे फार मोलाचे असते. शिवाय १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या कारमध्ये ताशी ८० ओलांडताच इशारा वाजतो आणि १२० ओलांडल्यावर तो सतत वाजत राहतो. कित्येक जण कटकट म्हणून तो बंद करून घेतात. तसे करू नका. पैसे न मोजता मिळालेले खरे सूचकयंत्र तेच आहे.

आता दोन शब्द घरच्यांना. १ जानेवारीला भीमा कोरेगावला किंवा २० मार्चला महाडला आपण गाडी ठरवून जातो. तेव्हा "जरा दाबा ना, उशीर होतोय" असे चालकाला म्हणू नका. मागे बसलेल्यांनीही पट्टा लावा. चालक रात्रभर जागलेला असेल तर त्याला आधी झोपू द्या. घरच्या भगिनींनी आपला माणूस गाडी घेऊन निघताना "किती वाजता पोचाल?" असे विचारण्याऐवजी "सावकाश या" एवढेच सांगावे.

ती काळी डबी सध्या त्या मुलाच्या कपाटात पडून आहे. परवा त्याची आई जिन्यात भेटली. म्हणाली, "भाऊ, आता दहा मिनिटं उशिरा येतो, पण मला झोप लागते."

जयभीम!