जुना ट्रॅक्टर आणि त्याचा नवा धनी

बैल विकत घेतांना आपल्याकडील शेतकरी कोणाच्या सांगण्यावर विसंबत नाहीं. खरसुंडीच्या किंवा पुसेगांवच्या यात्रेंत तो जनावराचे दांत पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मगच किंमतीची गोष्ट काढतो. घरीं आणल्यावरही शेणावरून, कानांवरून व रवंथावरून तो त्याची प्रकृति ओळखतो. तोच शेतकरी जुना ट्रॅक्टर घेण्यास निघाला म्हणजे मात्र रंग व टायर पाहून सौदा करतो, आणि पुढें ऐन हंगामांत यंत्र बंद पडलें कीं मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहत बसतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील अनेक लहान बागाइतदारांच्या दारीं आज दुसऱ्या-तिसऱ्या हातचा ट्रॅक्टर उभा आहे. नवा परवडत नाहीं म्हणून जुना घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. परंतु झिजलेलें यंत्र धन्याच्या अज्ञानास क्षमा करीत नाहीं. बैलाविषयीं जें ज्ञान आपल्या अंगीं आहे त्याच जातीचें ज्ञान ट्रॅक्टरविषयीं मिळविणें कोणाही साक्षर शेतकऱ्यास एका पावसाळ्यांत साधण्यासारखें आहे. तें कोणत्या क्रमानें मिळवावें, याचा विचार या लेखांत केला आहे.

यंत्रविद्या आपल्या मुलुखास परकी नाहीं

"हें आपलें काम नव्हे" असें म्हणणारांनीं आपल्याच भागाचा इतिहास आठवावा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें. सायकल विकावयाची, ती चालविण्यास लोकांस शिकवावयाचें व मोडली तर दुरुस्त करून द्यावयाची, असा तो धंदा होता. पुढें १९०३ च्या सुमारास त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें शेतकरी त्याला हात लावीनात. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंधचे अधिपति श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे व किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत. ज्या लोखंडी नांगराची आपल्या पूर्वजांस भीति वाटली तोच पुढें घरोघर पोंचला. यंत्राचा परकेपणा तें हाताळल्यानें जातो. मोडलेला भाग ओळखतां आला व तो बदलतां आला, म्हणजे यंत्र आपलें झालें.

घेण्यापूर्वींची परीक्षा

ट्रॅक्टर पाहण्यास सकाळीं लवकर जावें व आधीं इंजिनास हात लावून पाहावा. तें गरम असेल तर विक्रेत्यानें तें अगोदरच चालू करून ठेवलें आहे असें समजावें, व दुसऱ्या दिवशीं न कळवितां जावें. थंड इंजिन कसें सुरू होतें यावरच त्याची खरी परीक्षा होते.

सुरू करण्यापूर्वीं तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधाळ किंवा ताकासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. हेड गॅस्केट, हेड किंवा लाइनर यांपैकीं कोठें तरी दोष आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची साय तरंगत असेल तरी संशय घ्यावा. इंजिन सुरू झाल्यावर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पांढरा धूर थंडींत क्षणभर येऊन गेला तर चिंता नाहीं, पण इंजिन तापल्यावरही तो राहिला तर डिझेल नीट जळत नाहीं किंवा आंत पाणी जात आहे. यानंतर तेल ओतण्याचें झांकण उघडावें. तेथून धूर जोरानें उसळत असेल तर रिंगा व लाइनर झिजले आहेत, व तें काम खर्चाचें आहे.

मग भरलेली ट्रॉली जोडून चढावर चालवावा. इंजिनाचा आवाज वाढतो पण ओढ वाढत नाहीं, तर क्लच प्लेट घसरते आहे. नांगर उचलून इंजिन बंद करावें; तो लगेच खालीं बसूं लागला तर हायड्रॉलिकमध्यें गळती आहे.

कागदपत्रेंही तितकींच पाहावीं. इंजिनाचा व चॅसीचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं स्वतः ताडून पाहावा. साताऱ्याच्या वाहनांवर एम.एच. ११, सांगलीच्या वाहनांवर १० व कराडच्या वाहनांवर ५० हा आंकडा असतो. दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दींतील वाहन असेल तर ना-हरकत दाखल्याची चौकशी आधीं करावी. मालकी बदलण्यास २९ व ३० क्रमांकांचे नमुने लागतात, आणि बँकेचा बोजा उतरविण्यास ३५ क्रमांकाचा. बोजा उतरल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये.

शेवटचा प्रश्न सुट्या भागांचा. फरिदाबाद येथें १९५९ सालीं आयशर, १९६३ पासून महिंद्र, १९७१ पासून पिंजोरचा एच.एम.टी. व १९७४ पासून स्वराज असे ट्रॅक्टर आपल्या देशांत तयार होऊं लागले. यांपैकीं एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारनें २०१६ सालीं घेतला. ट्रॅक्टर कितीही मजबूत असो, त्याचे फिल्टर, गॅस्केट व क्लच प्लेट आपल्या तालुक्याच्या गांवीं मिळतात कीं नाहीं, हें दुकानांत जाऊन विचारल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.

हत्यारें, पुस्तक व वही

नवशिक्यानें प्रथम फार हत्यारें घेऊं नयेत. दुतोंडी व रिंग पान्ह्यांचा एक चांगला संच, दोन पेचकस, पक्कड, हातोडी, ग्रीसगन, टायरची हवा मोजण्याचें माप, स्वच्छ फडकें व डिझेल गाळण्याची चाळणी एवढ्यावर पहिलें वर्ष निघतें. हलका पान्हा नटाची कड खातो व मग तो नट कोणासच निघत नाहीं, म्हणून पान्ह्यांत काटकसर करूं नये. त्या जातीच्या ट्रॅक्टरची मालकासाठीं छापलेली पुस्तिका मिळवावी. जुनी, फाटकी असली तरी चालेल.

तिसरें साधन वही. जुन्या ट्रॅक्टरचें तास मोजणारें घड्याळ बहुधा बंद असतें. इंजिनाचें तेल बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांस २०० ते २५० तासांनीं बदलावें लागतें. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आंकडा पुस्तिकेंत मिळतो. ऊसवाहतुकींत ट्रॅक्टर दररोज ८ तास चालला तर एका महिन्यांत २४० तास भरतात. म्हणजे जो धनी "वर्षाला एकदां तेल बदलतों" म्हणतो, तो हंगामाचे बाकीचे महिने मेलेल्या तेलावर इंजिन चालवितो. रोजचे तास, भरलेलें डिझेल, बदललेलें तेल व केलेली दुरुस्ती तारीखवार लिहावी.

रोजची निगा

सकाळीं सुरू करण्यापूर्वीं पाव तास द्यावा. इंजिनाचें तेल व रेडिएटरचें पाणी पाहावें, खालीं जमिनीवर गळती दिसते का पाहावें, चाकांचे नट हातानें चांचपावेत. डिझेल शक्यतों संध्याकाळीं भरावें, म्हणजे रिकाम्या टाकींत रात्रीं दंव धरत नाहीं. पुढच्या चाकांच्या सांध्यांत व पिनांत पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें ग्रीस भरावें.

सर्वांत अधिक लक्ष हवेच्या फिल्टरकडे द्यावें. जुन्या ट्रॅक्टरांत तो तेलाच्या वाटीचा असतो. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागांत फुफाट्यांत काम करतांना ही वाटी रोज उघडून पाहावी. तळाशीं चिखल सांठला असेल तर धुवून नवें तेल खुणेपर्यंत भरावें. खुणेच्या वर भरूं नये, कारण तें तेल इंजिनांत ओढलें जाऊन इंजिन हाताबाहेर वेगानें धांवूं लागण्याचा संभव असतो. इंजिनाचे लाइनर अकालीं झिजण्याचें एक मोठें कारण ही दुर्लक्षित वाटीच असते.

नवशिक्यानें प्रथम शिकावयाच्या दोन दुरुस्त्या

पहिली, डिझेलांतील एअर काढणें. टाकी रिकामी झाली किंवा नळीचा एखादा सांधा ढिला झाला म्हणजे डिझेलच्या वाटेंत हवा शिरते व इंजिन फिरतें पण पेटत नाहीं. एवढ्यासाठीं मिस्त्रीस बोलावण्याचें कारण नाहीं. टाकींत पुरेसें डिझेल भरून तोटी उघडावी. पहिल्या फिल्टरवरील एअरचा स्क्रू ढिला करून हातपंपाची दांडी दाबीत राहावें. प्रथम फेंस येतो, मग बुडबुड्यांवांचून सरळ धार येते. धार चालू असतांनाच स्क्रू आवळावा. हेंच दुसऱ्या फिल्टरवर व नंतर मुख्य पंपावर करावें. तरीही इंजिन घेत नसेल तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा वेढा ढिले करून स्टार्टर फिरवावा, व डिझेल दिसतांच आवळावे. तांब्याचे वायसर दबलेले असतील तर नवे घालावे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां एअर धरली, तर हवा शिरण्याची जागा अजून उघडी आहे असें समजून टाकीपासून एकेक सांधा तपासावा.

दुसरी, इंजिन तापण्याचें कारण शोधणें. उसाचा पाला, कुसें व धूळ रेडिएटरच्या जाळींत अडकून वारा बंद होतो. जाळी पंख्याच्या बाजूनें बाहेरच्या दिशेनें हवा किंवा मंद पाणी मारून साफ करावी. पंख्याचा पट्टा बोटानें दाबून त्याचा ढिलेपणा पुस्तिकेशीं ताडून पाहावा. आपल्याकडील पुष्कळ विहिरींचें पाणी खारट व जड आहे. तें रेडिएटरमध्यें घातल्यास आंत खपली धरते. मऊ स्वच्छ पाणी व पुस्तिकेंत सांगितलेलें कूलंट यांचेंच मिश्रण भरावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. उकळतें पाणी तोंडावर उडतें. कोरड्या पडलेल्या तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास हेड तडकतें.

जेथें हात घालूं नये

धाडस व ज्ञान यांतील भेद नवशिक्यानें ओळखावा. डिझेलचा मुख्य पंप, नोझलचा दाब, गिअरपेटी व हायड्रॉलिकचा आंतील भाग यांस विशेष हत्यारें व मापें लागतात. तीं कामें जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावीं. मात्र त्या वेळीं घरीं जाऊं नये. शेजारीं बसून पाहावें, काढलेला जुना भाग मागून घ्यावा, तो कोठें व कां झिजला हें विचारावें व वहींत लिहावें. चांगला मिस्त्री अशा गिऱ्हाइकाला कंटाळत नाहीं. घरांतील मुलास किंवा मुलीस या कामाची आवड असेल तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविला जातो, त्याचा विचार करावा.

जिवाविषयीं चार नियम कोणत्याही हंगामांत मोडूं नयेत. उचललेल्या अवजाराखालीं भक्कम ठोकळा दिल्यावांचून शिरूं नये. फिरत्या पी.टी.ओ.जवळ धोतर, पदर किंवा उपरणें जाऊं देऊं नये, व त्यावरील आवरण काढून टाकूं नये. नोझलची फवार हातावर घेऊन तपासूं नये. तिच्या दाबानें डिझेल कातडींतून आंत शिरतें व हात गमावण्याची वेळ येते. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पायटे एकत्र अडकवूनच चालवावें. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या मागें असतां एकाच चाकाला ब्रेक लागणें म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

वेळेचें गणित

आपल्या भागांतील साखर कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतात. त्या वेळीं मिस्त्रीकडे रांग असते, सुट्या भागांसाठीं खेपा माराव्या लागतात, आणि तोड आलेला ऊस थांबत नाहीं. म्हणून बेंदुरास बैलांचे खांदे मळण्याची जशी रीति आहे, तसें श्रावण-भाद्रपदांत ट्रॅक्टरचें काम काढावें. तेल व सर्व फिल्टर बदलावेत, क्लच व ब्रेक जुळवावेत, बॅटरीचे खिळे साफ करावेत, झिजलेला पट्टा बदलून जुना सांभाळून ठेवावा. खंडेनवमीस हत्यारांची पूजा होईल त्या दिवशीं पान्ह्यांचा संच पुरा असावा, ट्रॅक्टर एका हांकेस सुरू व्हावा, आणि वहीचें त्या वर्षाचें पान भरलेलें असावें. पुढेंमागें तो विकण्याची वेळ आली तर जाणता गिऱ्हाईक रंगापेक्षां त्या वहीलाच अधिक किंमत देईल.