सायकलीचा पुढील चिमटा व त्याची बदली

सायकलीचा पुढील चिमटा : सायकलीचे पुढील चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा आणि हँडल फिरविले असता ते वळविणारा दोन भुजांचा भाग. आकारावरून त्याला मराठीत चिमटा हे नाव मिळाले असून दुरुस्तीच्या दुकानांतही तेच रूढ आहे. स्वाराच्या वजनाचा काही हिस्सा, रस्त्याचे धक्के आणि पुढील ब्रेक लावल्यावर निर्माण होणारा जोर हे सर्व चिमट्यामार्फत सांगाड्याकडे जातात. सांगाड्याची एखादी नळी तडकली, तर सायकल बहुधा कुरकुरते किंवा डोलू लागते व स्वाराला थांबण्यास अवधी मिळतो. चिमटा माथ्याशी तुटला, तर असा अवधी मिळत नाही. पुढील चाक निसटते आणि स्वार तोंडावर आपटतो. म्हणून इतर भागांच्या दुरुस्तीत चालणारी तडजोड येथे चालत नाही. प्रस्तुत नोंदीत १९९० पूर्वीच्या पोलादी सांगाड्याच्या, हलक्या वजनाच्या रस्ता-सायकलींचा चिमटा बिघडल्यास तो कसा ओळखावा व बदलावा, याचे विवरण केले आहे.

चिमट्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १९१३ च्या तूर द फ्रान्स या शर्यतीतील आहे. पिरेनीज पर्वतातील तूरमाले हा घाट उतरताना यूजीन क्रिस्तॉफ या फ्रेंच स्वाराच्या सायकलीचा चिमटा तुटला. बाहेरची मदत घेण्यास नियमाने बंदी होती. त्यामुळे सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत सँत-मारी-द-काँपाँ या गावी पोहोचला आणि तेथील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. भाता हलविण्याचे काम मात्र एका मुलाने केले म्हणून पंचांनी त्याला वेळेचा दंड केला. १९१९ साली त्याच शर्यतीत तो आघाडीवर असताना व्हालांस्येन गावाजवळ त्याचा चिमटा पुन्हा तुटला आणि विजय हातचा गेला. आघाडीच्या स्वाराने पिवळा सदरा घालण्याची प्रथा त्याच वर्षी त्याच्यापासून सुरू झाली होती.

रचना : चिमट्याचे मुख्य भाग चार. सांगाड्याच्या पुढील आखूड उभ्या नळीतून, म्हणजे शीर्षनळीतून, वर जाणारी सुकाणू नळी. तिच्या तळाशी असलेला माथा. माथ्यातून खाली उतरणाऱ्या दोन निमुळत्या भुजा. आणि भुजांच्या टोकांना जोडलेल्या, चाकाची आस बसविण्यासाठी खाच ठेवलेल्या पट्ट्या. जुन्या पोलादी चिमट्यांत हे भाग पितळेच्या किंवा चांदीयुक्त मिश्रधातूच्या झाळकामाने जोडलेले असतात. नळ्यांसाठी १९३५ पासून इंग्लंडमध्ये मिळू लागलेले ‘रेनल्ड्स ५३१’ हे मँगॅनीज-मॉलिब्डेनम पोलाद किंवा त्या तोडीचे इटालियन व जपानी पोलाद वापरीत. शीर्षनळीच्या दोन्ही टोकांना वाट्या बसवून त्यांत छरे ठेवलेले असतात. खालच्या छऱ्यांची धाव माथ्यावरील कड्यावर असते. वरची वाटी सुकाणू नळीवर पाडलेल्या आट्यांवर फिरते व तिच्यावर लॉकनट आवळतात. हँडलचा उभा दांडा नळीच्या आत उतरवून तळाच्या पाचरीने घट्ट केलेला असतो.

भुजा सरळ खाली न येता टोकाशी पुढे वळलेल्या असतात. सुकाणू नळीचा अक्ष आणि चाकाची आस यांमधील या अंतराला येथे बाक म्हटले आहे. रस्ता-सायकलींत तो सामान्यतः ४० ते ५५ मिमी. असतो. शीर्षनळीचा अक्ष खाली वाढविला, तर तो जमिनीला जेथे मिळतो, त्याच्या किंचित मागे चाकाचा जमिनीशी स्पर्श होतो. या दोन बिंदूंतील अंतर म्हणजे अनुगामी अंतर होय. चाकाची त्रिज्या ३४० मिमी., शीर्षनळीचा कोन ७३° व बाक ४५ मिमी. असेल, तर अनुगामी अंतर सु. ५७ मिमी. येते, बाक ५० मिमी. केल्यास ते ५२ मिमी. वर उतरते आणि हँडल अधिक चपळ, किंबहुना थोडे चंचल, वाटते. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, हातांना मात्र कळतो. सायकल स्वतःचा तोल कसा राखते, याचे श्रेय पूर्वी चाकांच्या घूर्णी परिणामाला देत. डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये मुद्दाम विचित्र सायकली बनवून अनुगामी अंतराचे महत्त्व दाखविले. पुढे २०११ मध्ये डच व अमेरिकन संशोधकांनी हे दोन्ही परिणाम जवळजवळ नाहीसे केलेली सायकलही विशिष्ट वेगास आपोआप उभी राहू शकते, असे प्रयोगाने सिद्ध केले. तात्त्विक प्रश्न असा गुंतागुंतीचा असला, तरी सांगाडा ज्या बाकासाठी बनविला, त्याच्या जवळचाच बाक नव्या चिमट्याला असावा, या व्यवहारातील नियमाला त्याने बाध येत नाही.

बिघाड ओळखणे : भिंतीवर, मोटारीवर किंवा खोल खड्ड्याच्या कडेवर चाक आदळले असता चिमटा मागे वाकतो. शीर्षनळीच्या बाजूस तिच्या अक्षाला धरून सरळ पट्टी लावावी. चिमटा धड असेल, तर भुजांचा वरचा सरळ भाग बहुतेक सायकलींत त्याच रेषेत राहतो. तो मागे गेलेला दिसल्यास चिमटा वाकला आहे असे समजावे. बाक ४५ वरून २५ मिमी. वर आला, तर वरील उदाहरणातील अनुगामी अंतर सु. ७८ मिमी. होते, हँडल जड चालते आणि वळताना पायाचा चवडा चाकाला लागतो. एखादी भुजा बाजूला वाकली असल्यास चाक माथ्याखाली मध्यावर बसत नाही. येथे दोष चिमट्याचा की चाकाचा, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे चाक काढून उलटसुलट बसविणे. रिम पुन्हा त्याच बाजूस झुकली, तर चिमटा वाकडा. विरुद्ध बाजूस झुकली, तर चाकाचे आरे नीट ताणलेले नाहीत.

वाकणे दिसते, तडा सहसा दिसत नाही, आणि खरा धोका त्याचाच. ब्रेक लावताना व धक्का बसताना सर्वाधिक नमनभार माथ्यावरील कड्याच्या जागी, सुकाणू नळीच्या मुळाशी येतो. ही जागा वाटीच्या आत झाकलेली असते. म्हणून मोठ्या अपघातानंतर चिमटा बाहेर काढून, कडे उतरवून व ग्रीस पुसून भिंगाखाली पाहणे आवश्यक असते. रंगावरील बारीक रेघ, तिच्यातून झिरपलेला गंज किंवा झाळकामाच्या काठाची फट आढळल्यास चिमटा बाद करावा. आधीच्या आघाताने नळी दुबळी होऊन ती नंतर एकाएकी तुटू शकते. २००६ च्या पॅरिस–रूबे शर्यतीत अमेरिकन स्वार जॉर्ज हिनकॅपी यांच्या सायकलीची ॲल्युमिनियमची सुकाणू नळी आधीच्या पडझडीनंतर अशीच तुटली आणि ते जोरात आपटले.

चिमट्याबरोबर सांगाडाही तपासावा लागतो. समोरून बसलेल्या आघाताने शीर्षनळीच्या मागे, आडव्या व तिरप्या नळ्यांच्या खालच्या अंगास, सुरकुती किंवा फुगवटा येतो. बोट फिरविले असता तो डोळ्यांपेक्षा आधी कळतो. सांगाडा असा दुमडला असेल, तर नव्या चिमट्यावर केलेला खर्च वाया जातो.

सरळ करावा की बदलावा : आपल्याकडे साध्या सायकलीचा वाकलेला चिमटा लांब दांड्याची तरफ लावून जागच्या जागी सरळ करून देण्याची पद्धत जुनी आहे. त्या सायकलींचा चिमटा जाड, मऊ पोलादाचा असल्याने तो हे बऱ्याच वेळा सहन करतो. पातळ नळ्यांच्या शर्यती चिमट्याला मात्र हा न्याय लावता येत नाही. काही मिलिमीटरचा सौम्य वाक, पोलादाला सुरकुती पडलेली नसल्यास, जाणकार कारागीर थंड स्थितीतच काढू शकतो. त्यापलीकडे वाकलेला, सुरकुतलेला, तडकलेला किंवा माथ्याशी वळलेला चिमटा बदलणे हाच मार्ग होय. ॲल्युमिनियमचे व कार्बन तंतूंचे चिमटे कधीही सरळ करू नयेत.

मापांची जुळणी : बदलीचे निम्मे काम हत्यार हाती घेण्यापूर्वीच होते. पहिले माप सुकाणू नळीचे. इंग्रजी पद्धतीत, जी पुढे आंतरराष्ट्रीय मानक ठरली, नळीचा बाह्य व्यास १ इंच (२५.४ मिमी.) आणि दर इंचास २४ आटे असतात. जुन्या फ्रेंच सायकलींत व्यास २५ मिमी. व आट्यांतील अंतर १ मिमी. असते. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने स्वतःच्या सायकलींसाठी दर इंचास २६ आट्यांची पद्धत दीर्घकाळ चालविली. या पद्धतींचे भाग एकमेकांवर एक-दोन फेरे चढतातही. त्यावरून ते जुळले असे मानून पान्याने जोर केल्यास आटे मरतात. जुन्या फ्रेंच सायकलीला मानक चिमटा बसविताना वाट्या, कडे व लॉकनट यांचा संपूर्ण संच बदलणे श्रेयस्कर असते. हँडलच्या दांड्याचा व्यास मानक पद्धतीत २२.२, तर फ्रेंच पद्धतीत २२.० मिमी. असतो.

माथ्यावरील कडे घट्ट दाबून बसवावे लागते. त्याच्या बैठकीचा व्यास आंतरराष्ट्रीय पद्धतीत २६.४, तर जुन्या जपानी पद्धतीत २७.० मिमी. आहे. जपानी चिमट्याची बैठक योग्य कर्तन हत्याराने २६.४ मिमी. पर्यंत उतरविता येते. लहान बैठकीवर मोठे कडे मात्र सैल पडते व पत्र्याची चकती घालून केलेला उपाय टिकत नाही.

सर्वांत जास्त चुका सुकाणू नळीच्या लांबीत होतात. शीर्षनळीची लांबी अधिक वाट्या, छरे व नट यांची एकत्रित उंची, त्यातून लॉकनटच्या ओठासाठी सु. २ मिमी. वजा, इतकी ती हवी. लांब नळी कापता येते, आखूड वाढविता येत नाही. लांब नळी कापल्यावर उरलेले आटे वरची वाटी बसण्यास पुरत नसतील, तर आटे खाली वाढविण्याचा मोह होतो. येथे थांबावे. नळीची जाडी वरच्या भागात १.६ मिमी. असते व आट्यांनी त्यातील सु. ०.६५ मिमी. खाल्ले जाते. हँडलच्या दांड्याची पाचर या दुबळ्या भागात आवळली गेल्यास तेथेच तडा जातो. म्हणून पाचर आट्यांच्या खाली पोहोचेल, एवढा दांडा आत असलाच पाहिजे. कमीत कमी किती दांडा आत हवा, याची खूण दांड्यावर असते. आटे लांब असल्यास ती खूणही पुरेशी ठरत नाही.

यानंतर आसेपासून माथ्यापर्यंतची उंची पाहावी. ती १० मिमी.ने वाढल्यास शीर्षनळीचा कोन सु. अर्ध्या अंशाने कमी होतो. चाकाचे मापही याच्याशी निगडित आहे. जुन्या सायकलींच्या २७ इंची रिमवर टायर बसण्याचा व्यास ६३० मिमी., तर ‘७०० सी’ रिमवर तो ६२२ मिमी. असतो, म्हणजे ब्रेकच्या गुटक्यांना ४ मिमी. वर किंवा खाली जावे लागते. अलीकडच्या चिमट्यांत ब्रेकचा नट आत बसण्यासाठी मागील भोक ८ मिमी.चे असते, जुन्या ब्रेकचा बोल्ट ६ मिमी.चा असून नट बाहेर राहतो. पुढील हबची रुंदी आता १०० मिमी. रूढ आहे, कित्येक जुने हब याहून अरुंद असतात. भारतात सहज मिळणारा साध्या सायकलीचा चिमटा येथे उपयोगी पडत नाही. तो ६३५ मिमी. व्यासाच्या मोठ्या रिमसाठी आणि सळईच्या ब्रेकसाठी बनविलेला असतो व त्याचा बाकही बराच जास्त असतो. १९९० नंतर प्रचारात आलेले बिनआट्यांचे १⅛ इंच नळीचे चिमटे जुन्या शीर्षनळीत शिरतच नाहीत.

बदलीची कृती : चाक व ब्रेक काढल्यावर हँडलच्या दांड्यावरील बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवावा व हातोडीने ठोकावे, पाचर सुटते व दांडा वर येतो. बोल्ट पूर्ण काढून ठोकल्यास पाचर आतच राहते. लॉकनट व वरची वाटी काढताना चिमटा खालून हाताने धरावा, अन्यथा तो निसटून छरे जमिनीवर विखुरतात. छऱ्यांची संख्या व व्यास, वरचे व खालचे वेगवेगळे, लिहून ठेवावेत. जुने कडे सर्व बाजूंनी हळूहळू उचकटावे आणि नवे कडे योग्य व्यासाच्या नळीने ठोकून, माथ्याला पूर्ण टेकेपर्यंत बसवावे. ते टेकल्यावर ठोक्याचा आवाज बदलतो. नळी कापावयाची असल्यास आधी एक नट तिच्यावर चढवून ठेवावा. कापल्यानंतर तो फिरवून काढला, की आट्यांचे टोक आपोआप साफ होते.

वाट्यांत ग्रीस भरून छरे मांडल्यावर चिमटा खालून घालतात व वरची वाटी हाताने आवळतात. चाक, ब्रेक आणि हँडल बसविल्यावर पुढील ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. वाट्यांशी खटका जाणवला, तर जुळणी सैल आहे. पुढील चाक उचलून धरले असता हँडल स्वतःच्या भाराने अडखळत वळले, तर ती फार घट्ट आहे. या दोहोंच्या मधली स्थिती साधून, वरची वाटी एका पान्याने धरून ठेवीत, दुसऱ्याने लॉकनट आवळतात. लॉकनटचा दाब वाटी किंचित खाली नेतो, हे गृहीत धरून आधी थोडी ढील ठेवावी लागते. आधुनिक चिमट्यांच्या खाचांवर चाक निसटू नये म्हणून उंचवटे असतात. टुलिओ काम्पान्योलो यांच्या १९३० च्या शोधावरून रूढ झालेली झटपट सुटणारी आस असलेले चाक अशा चिमट्यात बसविताना कळ बंद करण्यापूर्वी नट पुन्हा फिरवून घ्यावा लागतो. नवे कडे पहिल्या काही फेऱ्यांत आणखी थोडे बसते व जुळणीत ढील येते, म्हणून सु. १०० किमी. चालविल्यावर ब्रेक दाबून वरील चाचणी पुन्हा करतात आणि जरूर तेवढी वाटी आवळून लॉकनट पक्का करतात.